शहराच्या घड्याळाने जगून पाहा

वाचकाचे पत्र:

मी मूळची धुळ्याची. सप्टेंबरपासून स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे पॉलिटेक्निक विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. तक्रार अभ्यासाबद्दल नाही, तो व्यवस्थित चालला आहे. वर्ग सकाळी नऊ ते दोन असतात. अकराच्या सुट्टीत मी वर्गातच डबा खाऊन घेते, दोनला खोलीवर येऊन थोडा वेळ पडते. साडेतीनला बाजारहाटाला निघावे, तर बहुतेक दुकानांची शटर खाली असतात. साडेचारला घरून व्हिडिओ कॉल येतो, कारण तेव्हा भारतात नऊ वाजलेले असतात आणि सगळ्यांची जेवणे आटोपलेली असतात. तो दोन तास तरी चालतो. सातला भात-आमटी करून जेवते, दहाला झोपते. वर्गातील मुले दर पंधरवड्याला स्वस्त विमानाने रोम, लिस्बन करून येतात. शैक्षणिक कर्ज असल्यामुळे मला ते परवडत नाही. आई विचारते, “काय काय पाहिलंस?” आणि माझ्याकडे सांगण्यासारखे काही नसते. इथे पूर्वी शिकून गेलेले सगळे म्हणतात की या शहराच्या रोजच्या जगण्यातच खरी मजा आहे. ती मला का सापडत नाही? आणि कर्ज काढून आलेल्या मुलीने ती शोधावी का? (मी अंडी खाते, मांस-मासे खात नाही.)

उत्तर:

तुमच्या पत्रात व्हॅलेन्सियातील एकाही जागेचे वर्णन नाही, पण वेळा मात्र जवळजवळ प्रत्येक ओळीत आहेत आणि मला वाटते, तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या वेळांतच आहे. तुम्ही जेवता तेव्हा शहर न्याहारीला बसलेले असते, तुम्ही बाजाराला निघता तेव्हा ते जेवून आडवे झालेले असते, ते फिरायला बाहेर पडते तेव्हा तुम्ही दार लावून पडद्यासमोर असता, आणि ते रात्रीच्या जेवणाला बसते तेव्हा तुमची भांडी घासून झालेली असतात. ज्या मजेबद्दल तुम्हाला सगळे सांगतात ती एखाद्या ठिकाणी जाऊन पाहण्यासारखी वस्तू नाही. ती त्या शहरात ठरावीक वेळी, चार लोकांबरोबर घडणारी गोष्ट आहे आणि तुमची वेळ दररोज दीड-दोन तासांनी चुकते आहे. तेव्हा एक महिना शहराच्या घड्याळाने जगून पाहा, एवढाच माझा सल्ला आहे. बाकीचे पत्र त्याच्या तपशिलासाठी आहे.

हे वेळापत्रक आळशी किंवा विचित्र वाटत असेल, तर त्यामागचे एक कारण जाणून घेतलेले बरे. व्हॅलेन्सिया जवळजवळ ग्रिनिचच्या रेखावृत्तावरच वसलेले आहे. सूर्याच्या हिशेबाने तिथले घड्याळ लंडनच्या घड्याळाशी जुळायला हवे. परंतु 1940 साली फ्रँकोच्या राजवटीत स्पेनने आपली घड्याळे एक तास पुढे करून बर्लिन-पॅरिसच्या वेळेशी जुळवली आणि नंतर ती कधी मागे घेतलीच नाहीत. त्यात उन्हाळी वेळेचा आणखी एक तास मिळतो, त्यामुळे जून-जुलैत व्हॅलेन्सियात सूर्य माथ्यावर येतो तो दुपारी दोनच्या सुमारास. धुळ्यात तो साडेबाराच्या आसपास येतो. म्हणजे दोन वाजता जेवायला बसणारे लोक उन्हाळ्यात तरी अगदी भर मध्यान्हीच जेवतात, आकडा तेवढा वेगळा असतो.

पहिला बदल मी घरच्या फोनमध्ये सुचवते, कारण तुमची संध्याकाळ तिथे अडकली आहे. हिवाळ्यात भारत स्पेनच्या साडेचार तास पुढे असतो. तुम्ही साडेचारऐवजी साडेतीनला फोन केलात, तर धुळ्यात आठ वाजलेले असतील. साडेतीन ते साडेचार हा व्हॅलेन्सियातला सगळ्यात निरुपयोगी तास आहे, कारण छोटी दुकाने दोनला मिटतात ती पाचच्या सुमारास उघडतात आणि रस्ते ओस असतात. तो तास घराला देऊन टाका. आई-वडिलांना जेवण थोडे पुढे-मागे करावे लागेल, कदाचित मालिकेचा एखादा भाग हुकेल, पण कारण नीट सांगितले तर ते नाही म्हणतील असे मला वाटत नाही. रविवारी सकाळी दहाला, म्हणजे घरी अडीच वाजता, हवा तेवढा लांब फोन करा. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तिथे पावणेसहा-सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि दिवसाचा शेवटचा उजेड तुम्ही सध्या रोज खोलीत घालवता, ही गोष्ट मला पत्रातील इतर सगळ्या गोष्टींपेक्षा अधिक खटकली.

आता अकराची सुट्टी. तिला तिथे ‘अल्मुएर्सो’ म्हणतात, व्हॅलेन्सियाच्या स्वतःच्या भाषेत ‘एस्मोर्सार’. स्पेनच्या इतर भागांतही लोक मधल्या वेळी काहीतरी खातात, पण व्हॅलेन्सियात हा प्रकार श्रद्धेने पाळला जातो. पहाटे मळ्यात कामाला गेलेल्या शेतकऱ्यांची आणि बंदरावरच्या मजुरांची ही मधल्या वेळची भरपेट न्याहारी. आता तिच्यासाठी गवंडी, बँकेतील कारकून, सायकलस्वारांचे जथे आणि प्राध्यापक एकाच टेबलाला खेटून बसलेले दिसतात. आधी ऑलिव्ह आणि सालीसकट भाजलेले शेंगदाणे येतात, मग लांब पावात काहीतरी भरलेला बोकादियो आणि शेवटी कॉफी. तुमच्यासाठी तोर्तियाचा बोकादियो आहे, म्हणजे बटाटा घालून केलेले जाड ऑम्लेट पावात भरलेले. अर्धा मागितला तरी दुपारपर्यंत भूक लागत नाही. कॉफी गोड लागत असेल तर ‘बोंबोन’ मागा, तळाला घट्ट आटवलेले गोड दूध असते. रम पेटवून केलेली ‘क्रेमाएत’ ही तिथली खासियत आहे, पण अकराला ती घेऊन पुन्हा वर्गात बसणे मला तरी जमले नसते.

सुट्टीच्या त्या वेळात वर्गातली मुले कॅन्टीनला जात असतील आणि तुम्ही मागे राहता. ते तुम्हाला बोलावत नाहीत असे नसेल. तुम्ही डबा उघडून बसलेल्या दिसता, म्हणून तुमचे जेवण चालू आहे असे समजून निघून जात असतील. एखाद्याच्या जेवणात व्यत्यय न आणणे ही तिथली रीत आहे. उद्यापासून डबा न उघडता त्यांच्याबरोबर उठा. भाषा अडखळते म्हणून थांबू नका, कारण अल्मुएर्सोच्या टेबलावर सगळे एकाच वेळी बोलत असतात आणि कोणाचे काय चुकले हे ऐकायला कोणालाही सवड नसते.

डबा दोन वाजता खा, आणि खोलीवर नेऊन नव्हे तर तिथेच खा. स्पेनमध्ये घरून डबा आणणारे विद्यार्थी पुष्कळ असतात आणि तो गरम करायला मायक्रोवेव्हही असतात. पोळी-भाजीबद्दल चार प्रश्न विचारले जातील, ते विचारू द्या. जेवण झाल्यावर कोणी लगेच उठत नाही. रिकाम्या ताटांभोवती अर्धा-पाऊण तास गप्पा चालतात, परीक्षेत काय येते, कोणत्या प्राध्यापकांकडे प्रकल्प करावा, कोणाच्या घरात खोली रिकामी होणार आहे, हे सगळे त्याच वेळात कळते. तुमच्या घरच्या फोनला तरीही उशीर होणार नाही.

महिन्यातून एखाद्या वेळी आठवड्याच्या मधल्या दिवशी एखाद्या साध्या खानावळीत ‘मेनू देल दिया’ घ्या. पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, असे सगळे मिळून साधारण बारा ते पंधरा युरोंत होते. शाकाहाराच्या बाबतीत मात्र नुसते “मांस नको” म्हणून भागत नाही. मसुरीच्या आमटीत सॉसेजचे तुकडे निघतात, साध्या सॅलडवर डबाबंद ट्यूना येतो, आणि हॅम म्हणजे मांसच हे सगळ्यांच्या डोक्यात असतेच असे नाही. “नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन” हे वाक्य पाठ करून ठेवा आणि हामोनवर जोर द्या.

पाएया, म्हणजे परातीसारख्या पसरट भांड्यात शिजवलेला तिथला भात, याबद्दल दोन शब्द, कारण घरी पहिला प्रश्न त्याचाच येईल. मूळ व्हॅलेन्सियन पाएयात कोंबडी आणि ससा असतो, तेव्हा तुम्हाला भाज्यांची पाएया मागावी लागेल आणि रस्सा कशाचा आहे हे विचारून घ्यावे लागेल. पाएया हे दुपारचे जेवण आहे, विशेषतः रविवारच्या दुपारचे. रात्री ती समोर ठेवणारी बहुतेक हॉटेले पर्यटकांची असतात. परातीच्या तळाला धरलेली खरवड तिथे मानाची समजली जाते, आणि आमटी-भाताच्या घरात वाढलेल्या कोणालाही ते समजावून सांगावे लागत नाही. कोणी घरी बोलावले तर काहीही अभ्यास असला तरी जा.

बाजारहाट शनिवारी सकाळी करा. 1928 साली उघडलेला मेर्कादो सेंत्राल, म्हणजे मध्यवर्ती बाजार, सोमवार ते शनिवार साडेसात ते दुपारी तीनपर्यंत चालतो, रविवारी बंद असतो. काच, लोखंड आणि रंगीत फरशांनी बांधलेल्या त्या घुमटाखाली लोक छायाचित्रे काढत फिरत असतात; तुम्ही मात्र पिशवी घेऊन जा. नोव्हेंबरात केशरी काकी फळे येतात, डाळिंबे असतात, छोटी क्लेमेंटाइन संत्री सुरू होतात, आणि भट्टीत भाजलेला लाल भोपळा व रताळी तयार मिळतात, ज्यांना नुसते मीठ-तिखट लावले तरी रात्रीचे अर्धे जेवण होते. एका विक्रेत्याकडे सलग चार शनिवार गेलात, तर पाचव्या वेळी चांगले टोमॅटो तो स्वतःच निवडून देतो. रस्त्याकडेच्या झाडांना लटकलेली संत्री मात्र तोडून खाऊ नका, ती कडू असतात. मध्यवर्ती बाजार लांब वाटला, तर तुमच्या वस्तीतला छोटा बाजारही चालेल, भाव बहुधा कमीच असतील.

गाळ्यासमोर रांग दिसणार नाही, लोक इकडेतिकडे उभे असतील. तिथे गेल्यावर मोठ्याने विचारायचे, “किएन एस एल उल्तिमो?”, म्हणजे शेवटचे कोण आहे? कोणीतरी हात वर करते. आता त्या माणसानंतर तुमचा नंबर, आणि तुमच्यानंतर येणाऱ्याला तुम्ही हात दाखवायचा. मग खुशाल शेजारच्या गाळ्यावर चक्कर मारून या, नंबर जात नाही. ही पद्धत मला फार आवडते. दवाखान्यात, बेकरीत, अशा बऱ्याच ठिकाणी ती चालते, आणि परक्या माणसाला दिवसातून निदान दोनदा अनोळखी लोकांशी बोलायला भाग पाडते.

संध्याकाळी साडेपाच ते आठ ही वेळ चालण्याची. पेन्शनर जोडपी, बाबागाड्या, कुत्री, शाळेतून सुटलेली मुले, सगळे शहर बाहेर असते आणि कोणालाही कुठे पोहोचायचे नसते. तुम्ही तुरियाच्या बागेत जा. ती बाग म्हणजे नदीचे कोरडे पात्र आहे. 14 ऑक्टोबर 1957 रोजी तुरिया नदीला महापूर आला, 80हून अधिक माणसे गेली, आणि त्यानंतर नदीच शहराच्या दक्षिणेकडून नव्या पात्रात वळवण्यात आली. रिकाम्या पात्रातून महामार्ग काढण्याचा सरकारी बेत होता. तो लोकांनी 1970च्या दशकात हाणून पाडला. ‘हे पात्र आमचे आहे आणि आम्हाला ते हिरवे हवे आहे’ अशी त्यांची घोषणा होती. 1986पासून टप्प्याटप्प्याने तिथे बाग झाली. आज सुमारे नऊ किलोमीटर लांबीच्या त्या पट्ट्यात जुन्या दगडी पुलांखालून माणसे धावतात, फुटबॉल खेळतात, आणि गाड्यांचा आवाज कुठेतरी डोक्यावरून जातो. संपूर्ण नऊ किलोमीटर एकदम चालण्याचा हट्ट धरू नका. रोज दोन पूल पुरेत.

त्या नव्या पात्रानेच 29 ऑक्टोबर 2024च्या पुरात जुने शहर वाचवले; पात्रापलीकडील गावांचे मात्र हाल झाले आणि 200हून अधिक माणसे दगावली. त्यानंतरच्या दिवसांत शहरातले हजारो लोक, त्यांत तुमच्या वयाची मुलेमुली पुष्कळ, खांद्यावर झाडू आणि फावडी घेऊन पादचारी पुलावरून चालत पलीकडे गाळ उपसायला गेले. बागेत तुमच्या शेजारी बाकावर बसलेली व्यक्ती त्यांतली असू शकेल. तुम्ही तापी-पांझरेच्या मुलखातल्या आहात, पुराबद्दल विचारलेत तर ती मोकळेपणाने बोलेल.

पांझरेचे नाव निघालेच आहे, तर एक गोष्ट खास तुमच्यासाठी. ज्या गुरुवारी वर्ग नसेल, त्या दिवशी दुपारी बाराच्या आधी कॅथेड्रलच्या प्रेषितांच्या दारासमोर जाऊन उभ्या राहा. तिथे जलन्यायालय भरते. शहराभोवतीच्या मळ्यांना पाणी देणाऱ्या पाटांवरील शेतकऱ्यांनी निवडलेले प्रतिनिधी काळे झगे घालून अर्धवर्तुळात बसतात, एकेका पाटाचे नाव पुकारले जाते, आणि पाण्याची तक्रार असेल तर तिथेच तोंडी सुनावणी होऊन निकाल लागतो. तो निकाल अंतिम असतो. शतकानुशतके चालत आलेल्या या प्रथेला 2009मध्ये युनेस्कोने आपल्या वारसा यादीत घेतले. बहुतेक गुरुवारी तक्रार नसतेच आणि सगळे काही मिनिटांत संपते, त्यामुळे पर्यटक हिरमुसतात. पण पांझरेच्या फडांवर, म्हणजे बंधाऱ्याच्या पाण्यावर सामाईक भिजणाऱ्या शेतांवर, पाटकऱ्याने बारी ठरवून पाणी फिरवल्याचे घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेल्या मुलीला तिथे काय चालले आहे ते अर्ध्या मिनिटात उमगेल. घरी आजोबा असतील, तर त्या दिवशीचा फोन त्यांच्यासाठी ठेवा.

ओर्चाता प्यायला शेजारच्या अल्बोराया गावी मेट्रोने जाता येते. चुफा नावाचा, आपल्या नागरमोथ्याच्या कुळातला एक बारीक कंद भिजवून, वाटून, गाळून, साखर घालून ते पांढरे थंड पेय करतात, त्यात दूध मुळीच नसते, आणि ‘फार्तोन’ नावाचा लांब मऊ पाव त्यात बुडवून खातात. बाटलीतल्या ओर्चात्यावरून मत बनवू नका. समुद्रही तुमच्याजवळच आहे, विद्यापीठासमोरून जाणारी ट्राम मालवारोसाच्या किनाऱ्याकडे नेते. हिवाळ्यात तिथे गर्दी नसते. आणि जानेवारी संपण्याआधी एकदा शहराच्या बसने आल्बुफेराच्या सरोवराकडे जाऊन या, कारण भाताची कापणी झाल्यावर तिथली खाचरे हिवाळ्यात मुद्दाम पाण्याने भरून ठेवतात आणि पाणपक्षी उतरतात.

कर्ज काढून आलेल्या मुलीने हे सगळे शोधावे का, असे तुम्ही विचारता. तुम्ही ज्या कर्जाची काळजी करता ते फेडण्यासाठी उद्या नोकरी लागेल ती बहुधा ओळखीने, भाषेने आणि शिफारशीने लागेल, आणि या तिन्ही गोष्टी खोलीत बसून मिळत नाहीत. पण हे कारण मी पुढे करत असले तरी मला ते पुरेसे वाटत नाही. दिवसाकाठी एक कॉफी आणि अर्धा बोकादियो एवढाच या साऱ्याचा खर्च आहे, आणि तेवढ्यासाठी स्वतःपुढे जमाखर्च मांडण्याची सवय लागली, की ती कर्ज फिटल्यावरही सुटत नाही. तुमच्या वडिलांनी सही केली ती तुम्ही वर्षभर खोलीत बसाव्यात म्हणून नक्कीच केलेली नाही.

विमानाने फिरणाऱ्या मुलांचा हेवा करू नका, आणि त्यांना नावेही ठेवू नका. वर्षातून एखादी सहल तुम्हीही करा, पैसे साठवून करा. मात्र दर पंधरवड्याला शुक्रवारी बॅग घेऊन पळणाऱ्यांना शनिवारचा बाजार आणि रविवारची दुपार मिळत नाही, त्यामुळे व्हॅलेन्सियाबद्दल त्यांनाही फारसे सांगता येत नसेल, असा माझा अंदाज आहे.

आईच्या प्रश्नाला स्मारकांची यादी लागत नाही. टोमॅटोवाल्याने आज काय म्हटले, रांगेत कोणामागे उभ्या होतात, जेवताना काय वाद झाला, हे सांगून पाहा. ती पुढचे प्रश्न आपणहून विचारेल. रात्रीचे जेवण नऊला न्या, झोप साडेअकराला. पहिला आठवडा पोट कुरकुर करेल. सातला भूक लागलीच तर एखादे क्लेमेंटाइन खा.

शेवटची सूचना मार्चसाठी. 1 ते 19 मार्च रोज दुपारी बरोबर दोन वाजता नगरपालिकेच्या चौकात ‘मास्क्लेता’ होते, म्हणजे तालात लावलेले फटाके पाच-सात मिनिटे असे वाजतात की आवाज छातीत जाणवतो. फाय्यास उत्सवाचा तो भाग आहे. शनिवार-रविवारी जायचे असेल, तर तासभर आधी जा, कान झाकू नका, आजूबाजूचे लोक सांगतील तसे तोंड थोडे उघडे ठेवा. दोन वाजता धुळ्यात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतील. त्या दिवशी फोन तेव्हाच लावा, आणि घरच्यांना आवाज कमी ठेवायला आधीच सांगून ठेवा.